सांडपाण्याच्या गाळाचं खत उसाला टाकावं का?

कृष्णाकाठ (५ जानेवारी)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा किळसवाणा वाटेल, पण माझ्यासाठी महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्यापासून नऊ किलोमीटरवर तालुक्याचं गाव आहे. तिथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात तिथला ठेकेदार घरी आला. म्हणाला, गाळ फुकट देतो, ट्रॉलीचं भाडंही माझंच, तुम्ही फक्त शेतात जागा द्या. माझा साडेतीन एकर ऊस आहे. जमीन मध्यम काळी, सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के. घरी आठ जनावरं होती तेव्हा उकिरड्यावरच भागायचं. आता दोन म्हशी उरल्यात आणि विकतचं शेणखत परवडत नाही.

आई म्हणते, माणसाचं आपल्या रानात नको. वडील म्हणतात, अगं पूर्वी मैल्याचं सोनखत टाकायचेच की. शेजाऱ्याने विचार न करता मागेच चार ट्रॉल्या पसरून टाकल्या. काल बांधावरून बघितलं तर त्याच्या सरीत टोमॅटोची शेकडो रोपं उगवलेली. कुणीही बी टाकलेलं नाही. तो खूश आहे, म्हणतो बघ किती ताकद आहे गाळात.

मी घ्यावा का? आणि घेतला तर थेट टाकावा, की कुजवून?

द्राक्षबाग

दादा, घेऊ नका. निफाड भागात आमची निर्यातीची बाग आहे. ग्लोबलगॅप या निर्यातीच्या प्रमाणपत्राच्या नियमात सांडपाण्याचा गाळ चालतच नाही, कच्चा नाही आणि प्रक्रिया केलेलाही नाही. उद्या तुमच्या शेतात ऊस मोडून दुसरं पीक घ्यायचं ठरलं तर? एकदा टाकलेलं परत काढता येत नाही. ठेकेदार स्वतःच्या खर्चाने ट्रॉली आणून देतोय, तो तुमच्या प्रेमापोटी नाही. त्याच्याकडे टाकायला जागा उरलेली नाही.

ड्रेनेजवाला

मी चौतीस वर्षं जलनिःसारण विभागात काढली, त्यातली शेवटची अकरा शुद्धीकरण केंद्रांवर. त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे.

आधी टोमॅटोचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं, गटारातून वाहत येतं, केंद्रातल्या टाक्यांमधूनही निभावून जातं आणि शेवटी गाळात बसतं. प्रत्येक केंद्रावर गाळ वाळवायच्या वाफ्यांवर टोमॅटोचं रान माजलेलं असतं. आमचे ऑपरेटर ते तोडून फेकायचे. तुमच्या शेजाऱ्याच्या सरीत रोपं आली ती गाळाच्या ताकदीने नाही. तो गाळ कधी तापलाच नाही, म्हणून आली. बी जिवंत आहे तर जंतांची अंडीही जिवंत असणार असंच धरून चाला.

हा गाळ म्हणजे नेमकं काय? सांडपाण्यात हवा सोडली की त्यातली घाण खाऊन जिवाणू वाढतात. त्यांचे पुंजके खाली बसतात, तोच गाळ. मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये ही पद्धत मांडली, आज जगभरात तीच चालते. म्हणजे गाळ हा मुख्यतः मेलेल्या आणि अर्धमेल्या जिवाणूंचा लगदा. म्हणूनच त्यात नत्र भरपूर, स्फुरदही चांगलं. पालाश मात्र जवळजवळ नाही, कारण ते पाण्यात विरघळून नदीला जातं. ऊसवाल्याने हे विसरू नये, पालाश वेगळं द्यावंच लागेल.

पाणी शुद्ध झालं म्हणजे गाळ शुद्ध झाला, हा मोठा गैरसमज आहे. पाणी शुद्ध होतं ते घाण गाळात गेली म्हणूनच. जंतांची अंडी जड असतात, ती बहुतेक सगळी खाली गाळात येतात. जड धातूही गाळालाच चिकटतात. गाव जे जे गटारात सोडतं, त्याची वही म्हणजे हा गाळ.

थेट टाकू नका, हे माझं पहिलं सांगणं. द्राक्षबागवाल्या दादांसारखं मी कायमचं नाही म्हणणार नाही. गाळ नीट तापवला आणि तो कुठून आला हे नीट पाहिलं, तर खत उत्तम होतं. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणून दुसरी सुटत नाही.

जास्वंद

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे, म्हणून जंतांपुरतं लिहिते.

गोल जंताच्या अंड्याला जाड कवच असतं. सावलीच्या, ओलसर मातीत ते वर्षानुवर्षं टिकतं. क्लोरीनचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. त्याला मारते ती उष्णता. शेतात अनवाणी काम करणाऱ्या बायकांना अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरतो, मग रक्त कमी होत जातं. १० फेब्रुवारीला शाळांत जंतनाशक गोळ्या देतात, २०१५ पासून तो कार्यक्रम चालू आहे. एकीकडे मुलांना गोळ्या द्यायच्या आणि दुसरीकडे कच्चा गाळ रानात पसरायचा, हे जुळत नाही.

शेजाऱ्यांना सांगा, त्या सरीतले टोमॅटो खाऊ नका. आणि भांगलणीला बायका लावणार असाल तर त्यांना आधी गमबूट द्या.

कृष्णाकाठ

डॉक्टर ताई, आत्ताच जाऊन सांगून आलो. पहिल्यांदा हसले, मग वहिनींनी दोन टोमॅटो काढून भाजीत घातले होते ते कबूल केलं. रोपं उपटतायत.

काका, तापवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? शेणखताचा ढीग आपोआप कुजतो, तसं नाही का?

कणकवलीकर

तुमच्या वडिलांचा शब्द वाचून राहवलं नाही. सोनखत हा शब्द आपल्याकडे उगाच आला नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य या कामाला वाहिलं. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम मागितलं. ते उच्च जातीतले म्हणून तुरुंगवाल्यांनी दिलं नाही, तेव्हा ते उपोषणाला बसले, आणि त्यांच्यासाठी येरवड्यातून गांधीजीही बसले. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम निघाला, आणि मैल्याचं खत करणारे संडास 'गोपुरी संडास' म्हणून ओळखले गेले.

अप्पांनी दोन गाठी एकत्र सोडवायला घेतल्या होत्या. मैला जमिनीला परत गेला पाहिजे ही एक, आणि तो एका जातीच्या डोक्यावरून जाता कामा नये ही दुसरी. आज गाळ ट्रॉलीतून येतो म्हणून दुसरी गाठ सुटली असं समजू नका. त्या केंद्रात गाळ कोण उपसतं, तुमच्या शेतात तो कोण पसरवणार, त्यांच्या हातात मोजे आहेत का, हे विचारायलाच हवं. हाताने मैला साफ करायला लावणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तरीही सेप्टिक टाक्यांत उतरून माणसं मरतात.

देहूचे डॉ. मापुसकर याच वाटेवरचे. त्यांनी गावात संडासांना गोबरगॅस जोडून दाखवला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

ड्रेनेजवाला

कणकवलीकर, पटलं. माझ्या हाताखालची चार माणसं आज दम्याने आजारी आहेत. त्या काळी आम्ही त्यांना तोंडाला बांधायला फडकीसुद्धा दिली नव्हती. मला ते टोचतं.

कृष्णाकाठ, आता तापवण्याचं. शेणखताचा ढीग आपल्याकडे बहुतेक वेळा नुसता सडतो, तापत नाही. आत हवा नसते, म्हणून वर्ष लागतं आणि तणाचं बी जिवंत राहतं. गाळाचं तर विचारूच नका, तो चिकट चिखल असतो, हवा आत शिरतच नाही. त्यात काहीतरी कोरडं, फुसफुशीत मिसळावंच लागतं. परदेशात लाकडाचे तुकडे वापरतात. तुमच्याकडे आत्ता तोडणी चालू आहे, पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला आहे. जाळू नका, कुट्टी करून ठेवा.

हिशोब असा. केंद्रातून निघणाऱ्या गाळात साधारण ८० टक्के पाणी असतं. एक टन गाळ घेतला तर त्यात सुकं २०० किलो. सुक्यात नत्र ४ टक्के धरलं तर ८ किलो, आणि कर्ब सुमारे ६४ किलो. म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ८. ढीग नीट तापायला ते २५ च्या आसपास हवं, नाहीतर नत्र अमोनिया होऊन उडून जातं आणि डोळे चुरचुरतात. पाचटात सुक्याच्या ४५ टक्के कर्ब आणि नत्र अर्धा टक्का, ओल १० टक्के. गणित केलं तर एका टनाला साधारण ४६० किलो पाचट लागतं. तेवढं मिसळल्यावर ओल आपोआप ५८ टक्क्यांवर येते, आणि ढिगाला हवी तीच ती. एकाच मापात दोन्ही बसतात. घनफळाने पाचट चौपट दिसेल, घाबरून कमी करू नका.

ढीग दीड मीटर उंच, अडीच ते तीन मीटर रुंद, लांबी हवी तेवढी. विहिरीपासून लांब, खाली चोपलेली जमीन किंवा फरशी, भोवती चर. लांब दांड्याचं थर्मामीटर आणा. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमात उघड्या ढिगासाठी सांगितलंय की ५५ अंश किंवा वर सलग १५ दिवस, आणि तेवढ्यात किमान पाच वेळा पलटी. पलटी कशासाठी? ढिगाची साल थंड असते. प्रत्येक वेळी बाहेरचं आत गेलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक घमेल्याची कधी ना कधी पोटातली पाळी येते. पंधरा दिवसांनंतर किमान महिना-दीड महिना तसंच मुरू द्या.

मातीपरीक्षक

काकांचं जंतूंबाबतचं सगळं बरोबर, पण मला भीती दुसऱ्या भागाची आहे. मी माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते.

उष्णतेने जंतू मरतात, धातू मरत नाहीत. उलट ढीग कुजताना कर्ब वायू होऊन उडून जातो, वजन घटतं, आणि धातू तेवढाच राहतो. म्हणजे गाळाच्या भागातलं धातूचं प्रमाण वाढतं. पाचट मिसळल्याने आकडा थोडा खाली येतो, पण जमिनीत जाणारा एकूण धातू तोच.

आपल्याकडे शहरी कंपोस्टसाठी ज्या मर्यादा खत नियंत्रण आदेशात आहेत त्या लक्षात ठेवा, किलोत मिलिग्रॅम: कॅडमियम ५, शिसं १००, क्रोमियम ५०, निकल ५०, तांबं ३००, जस्त १०००, आर्सेनिक १०, पारा ०.१५. शिवाय कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत. काकांनी अमेरिकेचा नियम सांगितला, पण तिथल्या धातूंच्या मर्यादा बघितल्यात का? चांगल्या दर्जाच्या गाळालाही कॅडमियम ३९ आणि जस्त २८०० पर्यंत चालतं. तापमानासाठी त्यांचा नियम घ्या, धातूंसाठी आपलाच धरा.

कॅडमियमचा एवढा धाक का? जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीत खाणीचं कॅडमियम उतरलं, ते भातखाचरांत गेलं. भात खाऊन बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की दुखण्याच्या ओरडण्यावरूनच आजाराला नाव पडलं, इताई-इताई. तिथे गाळ नव्हता, पण वाट हीच: पाणी, माती, पीक, माणूस.

दादांच्या बाजूने एक गोष्ट आहे. त्यांची जमीन विम्लतेकडे, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, झुकलेली आहे. अशा काळ्या जमिनीत कॅडमियम, जस्त, निकल मातीला बांधून राहतात, पिकात कमी चढतात. कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत तेच खत जास्त धोक्याचं. आणि ऊस हा पालकासारखा धातू ओढणारा नाही. पालेभाजीला आणि तंबाखूला मात्र कधीही टाकू नका.

नमुना कसा घ्यायचा: ढिगाच्या दहा-बारा ठिकाणांहून, प्लॅस्टिकच्या खुरप्याने, एकत्र करून अर्धा किलो. प्रयोगशाळेत 'एकूण धातू' असं स्पष्ट लिहून द्या. नेहमीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तपासणीत फक्त पिकाला मिळणारा भाग मोजतात. तो कमी निघतो आणि शेतकरी निर्धास्त होतो.

सोसायटीवाला

आमच्या बाणेरच्या सोसायटीचा स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, आहे. रोज थोडा गाळ निघतो. माळी तो तसाच बागेत टाकतो. इथे तर फक्त घरंच आहेत, कारखाना नाही. चालेल का?

ड्रेनेजवाला

धातूंच्या बाजूने तुमचा गाळ बहुधा बरा असेल. जंतांच्या बाजूने अजिबात नाही. बागेत मुलं खेळतात ना? आजच थांबवा. पाचट नसेल तर झाडांचा वाळका पाला आणि छाटणीचे तुकडे वापरा. पण तुमचा गाळ इतका थोडा असेल की ढीग तापणारच नाही. किमान एक घनमीटर जमल्याशिवाय उष्णता टिकत नाही. चार-पाच सोसायट्यांनी एकत्र जागा केली तर जमेल.

बेळगावी

मी बेंगळुरूला असतो. इथे विमानतळाकडे देवनहळ्ळी आहे. तिथे २०१५ पासून सेप्टिक टाक्यांचा मैला शुद्ध करायचं छोटं केंद्र चालतं. गटारयोजना नाही, टँकर येऊन मैला ओततात. आधी टाकीत कुजतो, मग वाफ्यांवर वाळतो, आणि वाळलेला गाळ गावाच्या ओल्या कचऱ्यात मिसळून खत होतं. मी जाऊन पाहिलंय. वास जवळजवळ नव्हता. त्याआधी शेतकरी टँकरवाल्याकडून मैला थेट खड्ड्यात ओतून घ्यायचे आणि वाळला की केळीला टाकायचे. काही अजूनही घेतात.

बेंगळुरूतच, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स), डॉ. आचार्यांनी १९३९ मध्ये मैला आणि कचरा खड्ड्यात थरांनी भरून झाकून ठेवायची पद्धत बसवली, ती बंगलोर पद्धत. पलटी नाही, सहा-आठ महिने थांबायचं. तिच्याआधीची इंदूर पद्धत होळकरांच्या इंदुरातली, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ हॉवर्ड आणि त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांची. तीत पलटी आहे, उष्णता आहे. कृष्णाकाठ, तुम्हाला काका जे सांगतायत ती इंदूर पद्धतच आहे, फक्त शेणाच्या जागी गाळ.

द्राक्षबाग

सगळं छान आहे. पण अहमदाबादला म्हणे गाळावर किरण सोडतात, एका झटक्यात जंतू मरतात. मग हा पाचटाचा खटाटोप कशाला?

मातीपरीक्षक

खरं आहे. पिराण्याला महापालिकेचं केंद्र आहे, तंत्रज्ञान भाभा अणुसंशोधन केंद्राचं. रोज १०० टन सुक्या गाळाची क्षमता, कोबाल्ट-६० चे गॅमा किरण. खत किरणोत्सारी होत नाही, ती भीती नको. जंतू खरोखर मरतात. पण किरणांनी गाळ कुजत नाही आणि धातूही जात नाहीत. शिवाय तो कारखाना शहरासाठी आहे, साडेतीन एकरवाल्याला पाचटच.

मेरीलँडकर

इथली, अमेरिकेतली एक बाजू सांगते. मिलवॉकी शहर १९२६ पासून आपला गाळ भाजून, दाणेदार करून पोत्यांत विकतं. माझ्या घराजवळ बेल्ट्सव्हिल आहे. तिथल्या कृषी संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात गाळाच्या ढिगाखालून पाइप घालून पंख्याने हवा खेळवायची पद्धत निघाली. पलटीच नको, तीन दिवस ५५ अंश ठेवलं की झालं. वॉशिंग्टनचा गाळ आता उच्च दाबाच्या वाफेत शिजवून, कुजवून 'ब्लूम' नावाने विकला जातो. माझ्या शेजारणीने गुलाबांना घातलाय.

पण २०२२ मध्ये मेन राज्याने शेतात गाळ टाकण्यावर आणि गाळाच्या खतावर सरळ बंदी आणली. कारण पीफास, न चिकटणारी भांडी, डाग न पडणारी कापडं यांतली रसायनं. ती कुजत नाहीत, ५५ अंशांनी त्यांना काहीच होत नाही. तिथे काही दुग्ध शेतकऱ्यांच्या गाईंच्या दुधात ती सापडली, कारण दशकांपूर्वी कुरणांत गाळ टाकला होता. त्यांनी काही चूक केली नव्हती. त्यांना चांगलं खत म्हणूनच दिलं होतं. स्वित्झर्लंडनेही २००० च्या दशकात शेतातला गाळ पूर्ण बंद केला.

म्हणून द्राक्षबागवाल्या दादांना मी हट्टी म्हणणार नाही.

द्राक्षबाग

धन्यवाद ताई. मला फक्त इतकंच म्हणायचं होतं की शेतकऱ्याला सगळं सांगून मग द्या.

कृष्णाकाठ (२७ जानेवारी)

उशीर झाला, पण घरी बसून नव्हतो. 'गाव जे जे गटारात सोडतं त्याची वही' हे काकांचं वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून मोटारसायकलवर गटारांच्या मागे मागे फिरलो, दोन दिवस. मुख्य नाला बाजारपेठेतून येतो, तिथवर ठीक. पण जुन्या नाक्याकडून येणाऱ्या फाट्यावर तीन लहान शेड आहेत. मोटारसायकलच्या सुट्या भागांना चकाकी चढवतात, म्हणजे निकल-क्रोमचं काम. मागच्या दारातून हिरवट पाणी थेट गटारात. आत विचारलं तर म्हणाले, सगळे असंच करतात.

मातीपरीक्षक ताईंनी सांगितलं तसा नमुना घेतला, 'एकूण धातू' लिहून दिला. निकाल आला. शिसं, कॅडमियम, तांबं मर्यादेत. निकल दुपटीच्या वर, क्रोमियम त्याहून जास्त.

ठेकेदाराला अहवाल दाखवला. तो म्हणाला, अहो, बाकीचे घेतायत की. मी नाही म्हणालो. त्याच्याहून जास्त वाईट वाटलं ते शेजाऱ्याचं. त्याच्या चार ट्रॉल्या आता जमिनीत आहेत.

मातीपरीक्षक

दादा, तुम्ही हे पाहायला स्वतः फिरलात हे वाचून फार बरं वाटलं. शेजाऱ्यांना सांगा, घाबरून जाऊ नका. चार ट्रॉल्यांनी एका दिवसात जमीन वाया जात नाही, काळी जमीन बरंच बांधून ठेवते. पण पुन्हा टाकू नका, तिथे पालेभाजी घेऊ नका, आणि मातीचा नमुना मला पाठवा, मी पैसे घेणार नाही.

आणि तो अहवाल, फाट्याच्या फोटोंसह, नगरपालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी द्या. ते पाणी गटारात जाणं थांबलं तर तिथला गाळ दोन-तीन वर्षांत सुधारतो. केंद्रात कितीही यंत्रं लावली तरी निकल परत बाहेर काढता येत नाही, ते त्या शेडच्या दारातच अडवावं लागतं.

ड्रेनेजवाला

नोकरीत असताना मी अशा फाट्यांबद्दल वर पत्रं लिहिली होती. उत्तर आलं नाही. तुमच्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीचा ठराव जोडून पाठवा, त्याला वजन येतं.

कृष्णाकाठ (१२ फेब्रुवारी)

पत्र दिलं, ठरावासह. पोच घेतली.

दुसरी बातमी. विरुद्ध बाजूला अठरा किलोमीटरवर एक लहान गाव आहे. घरं, शाळा, दोन मंगल कार्यालयं, एक सरकारी दवाखाना. उद्योग नाही. तिथल्या केंद्राचा गाळ तपासला, सगळे आकडे मर्यादेच्या आत. त्यांनी आनंदाने दिला. भाडं मात्र मलाच भरावं लागलं. सहा टन गाळ, पावणेतीन टन पाचट कुट्टी करून. ट्रॅक्टरच्या लोडरने मिसळलं, कोणाच्याही हाताला लागू दिलं नाही. मी आणि दोन मजूर, तिघांनाही गमबूट, मोजे, मास्क. कणकवलीकरांनी विचारलं होतं, म्हणून सांगतोय.

आज चौथा दिवस आणि तापमान ४१ वर अडकलंय. वासही येतोय, सडक्या अंड्यासारखा. काय चुकलं?

ड्रेनेजवाला

सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही. मूठभर मिश्रण दाबून बघा. पाण्याची धार लागली तर जास्त ओलं. दोन-चार थेंब आले तर बरोबर. कुट्टी किती बारीक केलीत?

कृष्णाकाठ

धार लागली. कुट्टी अगदी बारीक केली, बोटाच्या पेरापेक्षा लहान. आणि तिकडचा गाळ आपल्या हिशोबापेक्षा पातळ होता.

ड्रेनेजवाला

तेच. बारीक कुट्टी गाळात लडबडून बसते, पोकळी राहत नाही. तीन-चार इंचांचं लांब पाचट अजून अर्धा टन घाला आणि आजच पलटी मारा. खाली आधी फूटभर नुसत्या पाचटाचा थर द्या, त्यातून हवा ओढली जाईल.

जास्वंद

पलटी मारताना ढीग कोरडा असेल तर धूर उडतो तो वाफेचा नसतो, बुरशीच्या बीजाणूंचा असतो. दमा असणाऱ्याला जवळ उभं करू नका. पाण्याचा हलका फवारा मारून मगच पलटी. आणि गाळाचं फावडं तयार खतात घालू नका, धुऊनही नको. वेगळं ठेवा. तापून स्वच्छ झालेल्या खतात जंतू परत वाढू शकतात.

कृष्णाकाठ (१६ फेब्रुवारी)

सकाळी ६१! वाफ निघतेय. वास बदलला, आता पावसाच्या सुरुवातीच्या मातीसारखा, थोडा अमोनिया. वहीत रोज तीन ठिकाणचं तापमान लिहितोय, सकाळ-संध्याकाळ. वडील काठी टेकत येऊन थर्मामीटर वाचतात आणि आकडा मला ओरडून सांगतात.

ड्रेनेजवाला

६५ च्या वर जाऊ लागलं तर लगेच पलटी. फार तापलं की कामाचे जिवाणूही मरतात. पंधरा दिवसांची मोजणी ५५ ओलांडल्या दिवसापासून धरा, आणि मध्ये एक दिवस जरी खाली आलं तरी पुन्हा एकपासून.

कृष्णाकाठ (३१ मे)

पंधरा दिवस पूर्ण झाले ते दुसऱ्या प्रयत्नात. पहिल्या वेळी अकराव्या दिवशी ५२ वर आलं, म्हणून पुन्हा एकपासून मोजलं. एकूण आठ पलट्या. नंतर सात आठवडे मुरू दिलं, वर ताडपत्री. ढीग निम्म्याच्या आसपास बसला.

प्रयोगशाळेचे दोन्ही अहवाल आले. धातू मर्यादेत, कर्ब-नत्र १७. विष्ठेतले जिवाणू अमेरिकेच्या मर्यादेच्याही खूप खाली, साल्मोनेला नाही, जंतांची जिवंत अंडी सापडली नाहीत.

काकांनी टोमॅटोचं सांगितलं होतं, म्हणून अहवाल यायच्या आधी मी दोन कुंड्या भरल्या होत्या. ढीग लावला त्या दिवशी थोडा कच्चा गाळ बाजूला वाळवून ठेवला होता. एका कुंडीत तो आणि माती, दुसरीत तयार खत आणि तीच माती. दोन्हींत बी टाकलं नाही, फक्त पाणी. कच्च्या कुंडीत बारा दिवसांत टोमॅटोची एकोणीस रोपं आली, एक मिरचीचंही. खताच्या कुंडीत तीन आठवडे काहीच नाही. मग त्यातच मेथी पेरली, ती तिसऱ्या दिवशी वर आली.

आईने दोन्ही कुंड्या पाहिल्या. म्हणाली, उसाला टाक, परसातल्या भाजीला नको. मला ते मान्य आहे.

मातीपरीक्षक

आईंचं ऐका. एकरी पाच टनांच्या पुढे जाऊ नका, पालाश वेगळं द्या, आणि काही सरी खताशिवाय ठेवा म्हणजे फरक कळेल. पुढच्या वर्षी दोन्हींची माती पाठवा.

कृष्णाकाठ

चार सरी सोडल्यात. बांधाला लाल फडकी बांधलीत. शेजारी आज त्याच्या रानातला नमुना घेऊन आला होता, तो उद्या एसटीने तुमच्याकडे निघतोय, ताई.